मुरमावरचं वळण

थंडी पडली की सोलापुरात दोन कामं ठरलेली असतात. कपाटातला मफलर शोधायचा आणि यंदा हुरड्याला कुणाच्या रानात जायचं याची विचारपूस सुरू करायची. या वर्षी आमच्या घरात तिसरं काम निघालं आहे. माझी नात सई इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला तिच्या माउंटन बाइकसाठी टायर घ्यायचे आहेत. ही सायकल आणली तेव्हा मी विचारलं होतं, सोलापुरात माउंटन कुठला? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही विचारायच्या फंदात पडले नाही.

डोंगर नसला तरी मुरूम आहे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पलीकडे मुरमाच्या जुन्या खाणी आहेत. तिथे सात-आठ पोरंपोरी रविवारी सायकली फिरवतात. चढ, उतार, वळणं, सगळं त्यांनीच फावड्याने केलेलं. त्यातल्या एका वळणावर सई चार वेळा पडली. चारही वेळा तेच वळण.

"टायर धरत नाही आजी," ती म्हणाली आणि माझ्यासमोर मोबाइल धरला. मोठ्या गाठींचे टायर, बारीक गाठींचे टायर, मऊ रबराचे, कडक रबराचे. त्यांच्या गटात म्हणे दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो टायर बदल, दुसरा म्हणतो आधी चालवायला शीक. दोन दिवस मोबाइलवर तावातावाने भांडण चाललंय. मी शेंगा फोडत बसले होते. मला हसू आलं, आणि मग एकदम हसू थांबलंही. हा वाद मी ऐकलेला आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या अशाच एका हिवाळ्यात तो माझ्या सायकलीवरून झाला होता आणि माझी नोकरी त्यावर टांगलेली होती.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढचा हिवाळा. मी एकवीस वर्षांची. डी.एड. होऊन घरी बसले होते आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. तेवढ्यात एका खेड्यातल्या शाळेत रजेच्या जागेवर बाई हव्यात असं कळलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली काही माणसं अजून मला ओळखतात. जागा एप्रिलपर्यंतची. काम नीट झालं तर पुढे कायम व्हायची शक्यता. अडचण एकच होती. शाळा दहाला भरायची आणि एसटी बारा वाजता पोचायची. गाव आमच्या घरापासून नऊ किलोमीटर. म्हणजे सायकल.

आमच्या घरात तोवर बाईमाणूस सायकलवर बसलेलं नव्हतं. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, भुसार मालाचं दुकान. माणूस मोजकं बोलणारा. मराठीत सुरुवात करायचे, राग आला की कानडीवर जायचे. त्यांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी कुणाची तरी वापरलेली लेडीज सायकल दारात आणून उभी केली. मी होम मैदानावर आठवड्यात शिकले. अव्वा, माझी आई, एकदाच बघायला आली. सायकल कशी असते, ब्रेक कुठे असतो, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिने एकच गोष्ट सांगितली. "गुडघे जुळवून बस ग यव्वा. पाय उघडा पडू देऊ नको." मी मान डोलावली. तेव्हा ते सांगणं मला अगदीच सोपं वाटलं होतं.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मला अजून वासानिशी आठवतात. साडेआठला निघायचं. शहर संपलं की करडईची रानं लागायची. आज जिथे टॉवेल आणि चादरींचे कारखाने खडखडतात, तिथे तेव्हा बहुतेक रानंच होती. मग शाळू, छातीएवढा, दवाने ओला. हँडल इतकं गार की बोटं वळायची नाहीत. मी पदराचं टोक बोटांना गुंडाळून हँडल धरायचे. माळावरच्या भुईमुगाच्या खळ्यांचा भुसा वाऱ्यावर यायचा आणि डोळ्यांत जायचा. मला ते सगळं फार आवडायचं. उगाच नम्रपणा कशाला, मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. त्या रस्त्यावर सायकलवर जाणारी मी एकटी बाई होते.

पाच किलोमीटर डांबरी, मग डावीकडे वळून चार किलोमीटर मुरमाचा रस्ता. हा रस्ता दुष्काळी कामावर झालेला. हजारभर माणसांनी खडी फोडून टाकली, तिच्यावर मुरूम पसरला. शेवटी रोलर फिरायचा होता. तेवढ्यात पाऊस पडला, माणसं आपापल्या रानात गेली, आणि रोलर काही आलाच नाही. त्यामुळे मुरूम सुटा. चाकाखाली तो ज्वारी सांडल्यासारखा सरकायचा. सरळ रस्त्यावर काही वाटायचं नाही. पण गावाच्या अलीकडे एक विहीर होती, आणि विहिरीला वळसा घालून रस्ता डावीकडे वळायचा. वळणाच्या आतल्या बाजूला विहिरीचा कट्टा आणि एक कडुनिंब.

सकाळचं पहिलं चांगलं ऊन त्या कट्ट्यावर पडायचं. सुगीला अवकाश होता, रानात पाखरं राखण्यापलीकडे काम नव्हतं. त्यामुळे गावातली आठ-दहा बाप्ये माणसं घोंगड्या पांघरून तिथे उन्हाला बसलेली असायची. साडेनऊच्या सुमारास मी यायचे. गप्पा थांबायच्या. सगळी मान वळवून बघायची. वाईट नजरेने नव्हे, हे आधीच सांगते. त्यांच्या जागी मी असते तर मीही बघितलं असतं. सायकलवरची बाई म्हणजे त्या गावाला रोजचा तमाशा होता.

पहिल्यांदा पडले ती तिसऱ्याच दिवशी. दुसऱ्यांदा त्यानंतर आठवड्याने. तिसऱ्यांदा पडले तेव्हा साडी फाटली आणि डावं कोपर चांगलंच सोललं. पडायची तऱ्हा तीच. वळणात शिरलं की पुढचं चाक मुरमावर बाहेरच्या बाजूला निसटायचं आणि मी डाव्या कुशीवर रस्त्यात. कट्ट्यावरची माणसं धावत येऊन सायकल उचलायची. मला उचलायला अर्थातच कुणी हात लावायचं नाही. मी उठून पदर झाडायचे आणि म्हणायचे, "काही नाही, काही नाही." शाळेत पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने वाळलेलं असायचं.

तिसऱ्या वेळी कोपर लपवता आलं नाही. अप्पांनी पाहिलं. त्यांनी फक्त "साकु" म्हटलं. साकु म्हणजे पुरे. मग जरा वेळाने मराठीत म्हणाले, "आणखी एकदा पडलीस तर सायकल बंद. हातपाय मोडून घ्यायला नोकरी नाही करायची." अव्वाने हळद आणताना माझ्याकडे पाहिलं त्यात दोन्ही होतं, काळजी आणि सुटका. सायकल बंद म्हणजे नोकरी बंद. नोकरी बंद म्हणजे माघात लग्न. हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नरसय्याचं सायकलचं दुकान होतं. नरसय्या तेलुगू विणकरांच्या घरातला, पण मागावर न बसता सायकलीत रमलेला. त्याने माझं पुढचं चाक हातात फिरवून बघितलं आणि निकाल देऊन टाकला.

"अम्मा, टायर गोटा झालाय. नक्षी हाय का ह्याच्यावर? नक्षी न्हाई तर मुरूम धरणार कोण? तू काय कर, नवा टायर टाक. मग बघ, भिंतीवर चढंल सायकल."

मला ते शंभर टक्के पटलं. पटणारच. टायर गोटा असला तर माझी काही चूक नव्हती. पुढच्या चाकाला नवाकोरा टायर बसला, काळाभोर, खोल नक्षीचा. नरसय्याने हवा भरली आणि बोटाने टिचकी मारून दाखवली. टायर टणटण वाजला. आमच्या भागातल्या सगळ्या सायकली सुताचे गठ्ठे आणि चादरींची ओझी वाहायच्या, त्यामुळे हवा अशीच भरायची पद्धत होती. दगडासारखी हवा म्हणजे चांगली हवा. माझं वजन तेव्हा एका गठ्ठ्याएवढंही नव्हतं, हा विचार त्यानेही केला नाही आणि मीही नाही.

त्याच दिवसांत वर्गात एक गोष्ट घडली, तीही सांगून टाकते. तिसरीच्या वर्गात अक्षर वाईट काढणारी एक मुलगी होती. तिची तक्रार एकच, पाटीची पेन्सिल चांगली नाही. मी तिला सगळ्या वर्गासमोर ऐकवलं, "पेन्सिलीला कशाला बोल लावतेस? हात नीट वळव." बोलून झालं आणि खिडकीतून बाहेर माझी सायकल दिसली, नव्या टायरची. मला माझीच लाज वाटली. मग ती लाज मी सोयीस्करपणे विसरले.

नव्या टायरवर पाच दिवस नीट गेले. सहाव्या दिवशी पडले. तेच वळण, तेच पुढचं चाक, तीच डावी कूस. या वेळी चाकही वाकलं. सायकल चालवली की ब्रेकला घासून खर्र खर्र वाजायची.

घरी सांगितलं नाही. शाळेमागच्या हौदावर साडीचा डाग धुतला आणि सायकल शाळेच्या भिंतीवर आदळली असं अप्पांना सांगितलं. आयुष्यात अप्पांशी खोटं बोलले ते बहुतेक तेवढंच. दुसऱ्या दिवशी वळणाच्या आधी उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. कुणी म्हणेल, मग रोज तसंच जायचं, बिघडलं काय? मीही तेच म्हटलं होतं. पण त्या दिवशी कट्ट्यावरून कुणीतरी विचारलं, "बाई, सायकल दमली व्हय?" आणि सगळे हसले. तिसऱ्या दिवशी शाळेतली चार पोरं वळणावर येऊन उभी, बाई कशा उतरतात ते बघायला. ज्या बाईंना विहिरीचं वळण घेता येत नाही त्यांनी पोरांना भागाकार शिकवायचा, हे काही जमत नव्हतं. मला ते आतून लागलं.

मुरमाच्या रस्त्यावर माझ्या बरोबरीने आणखी एक सायकल असायची. सिद्राम दूधवाल्याची. सकाळी तो शहरात दूध घालून रिकामे कॅन घेऊन परत यायचा, त्यांचा खणखणाट मागून ऐकू यायचा. संध्याकाळी पाचला मी घरी निघाले की तो भरलेले कॅन घेऊन शहराकडे निघालेला असायचा. वय चाळिशीचं, मिशा भरपूर, बोलणं कमी. त्याचे टायर मी पाहिले होते. मागचा तर इतका गुळगुळीत की आतला धागा दिसायचा. आणि दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लावून तो माणूस त्या वळणावरून असा जायचा की दुधाचा थेंब सांडायचा नाही.

मी चालत गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्याशेजारी सायकलवरून उतरला आणि बरोबर चालू लागला.

"नवा टायर टाकला न्हवं बाई?"

"टाकला."

"तरी पडला."

"तरी पडले."

त्याने खाली बसून माझ्या टायरवर अंगठा दाबला. अंगठा जराही आत गेला नाही. "लई टणक हाय की हे. मुरमावर असली हवा चालंल व्हय? ह्यो टायर मुरमाला टेकतच न्हाई, वरनं उड्या मारतोय." त्याने व्हॉल्व्ह सैल करून थोडी हवा सोडली, पुन्हा अंगठा दाबला, पुन्हा सोडली. मग कळलं की तो स्वतः रोज हेच करायचा. डांबरी संपली की हवा सोडायची, डांबरी लागली की दांड्याला बांधलेल्या पंपाने भरायची. आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. त्याचा मागचा टायर गोटा होता, पण पुढचा बरा होता. मी विचारलं तर म्हणाला, "पुढचा धरतो बाई. मागचा नुसता येतो." तेव्हा टायरचं महत्त्व नसतं असं कुणी सांगू नये. सिद्रामला ते पक्कं ठाऊक होतं.

मला वाटलं, सुटलं कोडं. मी सायकलवर बसायला निघाले. त्याने मान हलवली.

"हवा सोडली म्हणून भागायचं न्हाई बाई. रागावणार न्हाई तर एक बोलू?"

"बोला की."

"तुमी सकाळी जाताना पडता. सांजच्याला येताना एकदा तरी पडला का?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही.

"टायर त्योच. मुरूम त्योच. वळणबी त्येच. मग?"

मग काय, हे त्याला ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं. ते माझ्या पायांविषयी होतं आणि शाळेतल्या बाईंच्या पायांविषयी सिद्रामसारखा माणूस तोंडातून शब्द काढणं शक्य नव्हतं. तो थोडा वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला. मग त्याने रिकामे कॅन सोडवून रस्त्याच्या कडेला ठेवले. "माझा पाय बघा," एवढंच म्हणाला आणि वळणावरून सायकल नेली. परत आला, पुन्हा नेली. तीनदा. दर वेळी वळणात शिरायच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक नाही. आणि बाहेरच्या बाजूचा, म्हणजे उजवा पाय पेडलवर पार खाली दाबलेला, सगळा भार त्या पायावर. आतला, डावा पाय वर. डावा गुडघा चांगला उचललेला. डोळे चाकाखाली नाहीत, पुढे, वळण जिथे संपतं तिथे. कट्ट्यावरची माणसं खो खो हसत होती. "सिद्रामा, सर्कशीत निघालास व्हय रं?" तो त्यांच्याकडे बघतही नव्हता.

मला एकदम कळलं, आणि कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. मी त्या वळणावर काय करत होते? कट्टा दिसला की पायडल मारणं थांबवायचे. दोन्ही पेडल एका पातळीत आणायचे, म्हणजे साडीचा काठ दोन्हीकडे सारखा राहतो. गुडघे जुळवायचे. एक हात हँडलवरून काढून पदर सावरायचे. नजर खाली. अव्वाने सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. संध्याकाळी कट्टा रिकामा असायचा, माणसं घरी गेलेली, तेव्हा मी कशीही बसायचे आणि सरळ निघून जायचे. वळणावर माणसं असली की मी सभ्य व्हायचे, आणि सभ्य झाले की पडायचे. टायरचा यात थोडा हात होता, हवेचा त्याहून जास्त. पण खरी गोष्ट माझ्या गुडघ्यांत होती.

कळणं वेगळं आणि करणं वेगळं. पुढचा आठवडाभर संध्याकाळी, सिद्राम पुढे निघून गेला की, रिकाम्या कट्ट्यासमोर, मी त्या वळणावरून दहा-दहा वेळा सायकल नेली. येताना, जाताना, दोन्हीकडून. डावा पाय वर घेतला की साडी पोटरीपर्यंत सरकायची. तिथे कुणी नसायचं, फक्त निंबावरचे कावळे. सकाळी मात्र उतरून चालत होते. गुडघ्याला जे वीस वर्षं शिकवलं होतं ते आठवड्यात कसं सुटणार?

इकडे चाकाची खर्रखर्र मला सहन होईना, म्हणून नरसय्याकडे नेऊन सरळ करून घेतलं. तो बिचारा सरळ मनाचा. अप्पा दुकानावरून जाताना त्याने त्यांना विचारलं, नवा टायर टाकूनही पोरगी पडली कशी? अप्पा मला काही बोलले नाहीत. तो गुरुवार होता की शुक्रवार ते आता आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अप्पा मार्केटला जातो म्हणून घराबाहेर पडले, एवढं आठवतं.

त्या सकाळी मी ठरवूनच निघाले होते की आज उतरायचं नाही. सिद्राम मागे होता, कॅन वाजत होते. डांबरी संपली तिथे हवा सोडली. वळणाच्या आधी ब्रेक दाबला, सोडला. उजवा पाय खाली घातला. आणि वळणात शिरता शिरता मला कट्ट्यावर, घोंगड्यांच्या मधोमध, पांढरी टोपी दिसली. अप्पा बसले होते. निंबाला एक भाड्याची सायकल टेकवलेली.

सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. उतरायची वेळ टळलेली. वळणात ब्रेक दाबला तर पडणार हे नक्की. गुडघे जुळवले तरी पडणार, आणि पडले तर सायकल बंद. नाही जुळवले तर बापासमोर, आठ-दहा परक्या माणसांसमोर, पोटरीपर्यंत पाय उघडा. मग तर सायकल बंद होणारच. मला खूप भीती वाटली. इतकी भीती मला नंतर बाळंतपणातही वाटली नाही. उजव्या पायावर मी सगळं अंग टाकलं. डावा गुडघा वर आला. साडी सरकली, गार वारा पायाला लागला. चाकाखाली मुरूम कुरकुरला, जरासा सरकला आणि धरला. मी अप्पांकडे बघितलं नाही. वळण जिथे संपतं तिथे बघत राहिले. तिथे शाळेचा झेंड्याचा खांब दिसतो. अप्पा तेव्हा कुठे बघत होते ते मला आजही माहीत नाही.

हे सगळं सईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे टायर घ्यायचे नाहीत?" मी म्हटलं, घे, पुढचा चांगला घे, हवा बेताची ठेव. आणि मला सांग, तुझ्या त्या वळणावर कोण उभं असतं?

ती म्हणाली, सगळा ग्रुप तिथेच उभा असतो, व्हिडिओ काढायला. "म्हणून तिथे जरा स्टाइलमध्ये घ्यायला जाते," असंही म्हणाली, हळू आवाजात. बाकी वळणं ती नीट घेते, कारण बाकी वळणांवर कुणी नसतं. काळ बदलला. मी सभ्य दिसायला जाऊन पडले, ही झोकात दिसायला जाऊन पडते. कट्टा तोच.

त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

मी घरी आले ती निकाल ऐकायच्या तयारीनेच. मनात मुख्याध्यापकांना द्यायचा अर्जसुद्धा लिहून झाला होता. अव्वा मोरीत अप्पांचा सदरा धूत होती. सदऱ्याच्या डाव्या कोपराला तांबडा मुरूम लागलेला आणि कापड जरा फाटलेलं. माझंही डावं कोपरच सोललं होतं. मी सदऱ्याकडे बघितलं, अव्वाने माझ्याकडे बघितलं.

जेवताना अप्पा डावा हात मांडीवर ठेवून बसले होते. भाकरी संपत आली तेव्हा कुणाकडेही न बघता म्हणाले, "भाड्याच्या सायकलींचे टायर अगदी गोटे असतात." मग ताक पिऊन उठले. सायकल बंद करायचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही. माघात स्थळ आलं होतं, त्यांना अप्पांनी सांगितलं, एप्रिलपर्यंत मुलीला सवड नाही. ती नोकरी मग मी छत्तीस वर्षं केली.

रात्रीची भांडी झाल्यावर अव्वाने माझा परकर मागून घेतला. जुन्या सोलापुरी चादरीची जाड किनार तिने कापून ठेवली होती, हाताला चांगली जड लागणारी, घेर खाली ओढून धरील अशी. सुईत दोरा ओवत तिने विचारलं, "वळताना कुठला पाय वर येतो ग?"

अप्पांनी तिला सगळं सांगितलं होतं तर. मी म्हटलं, "जाताना डावा."

"आणि येताना?"

"उजवा. पण तेव्हा तिथे कुणी नसतं."

अव्वाने परकर डावीकडून उलटा केला, किनार घेराच्या आत बसवून पाहिली आणि पहिला टाका घातला.

"कुणी नसतं ना," ती म्हणाली, "मग उजवीकडे राहू दे तसंच."